वृद्धाश्रमाचा प्रश्न : संस्कारांचा नव्हे, हक्काचा

दिवाळीच्या आसपास मराठी वर्तमानपत्रांतून एक ठरावीक छायाचित्र हमखास प्रसिद्ध होते. वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात म्हातारी माणसे रांगेने बसलेली असतात आणि कोणी स्थानिक पुढारी अथवा कारखानदार त्यांना फराळाची पाकिटे किंवा ब्लँकेटे वाटत असतो. सोबतच्या मजकुराचा सूरही ठरलेला असतो. नव्या पिढीला आई-बाप जड झाले. पाश्चात्त्यांच्या अनुकरणाने एकत्र कुटुंब मोडले. संस्कार लोपले, म्हणून वृद्धाश्रम वाढले! कीर्तनकारापासून विद्यापीठातील प्राध्यापकापर्यंत सर्वजण हेच निदान वाचून दाखवतात. आपल्या रंगभूमीनेही त्यास हातभार लावला आहे. १९७० साली रंगमंचावर आलेल्या ‘नटसम्राट’ने मध्यमवर्गीय प्रेक्षकाला मुलांच्या कृतघ्नतेवर अश्रू ढाळण्यास शिकवले. परंतु ज्याच्यापाशी मुलांना वाटून देण्यासारखे काहीच नसते, त्या गिरणी कामगाराच्या, शेतमजुराच्या, मोलकरणीच्या म्हातारपणाचे काय होते, हा प्रश्न त्या अश्रूंत वाहून गेला.

आई-बापांना टाकून देणाऱ्या मुलांचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु जी गोष्ट लाखो घरांत एकाच काळात घडू लागते, तिचे कारण लाखो मनांच्या दुष्टपणात शोधणे हा एकतर भाबडेपणा असतो, नाहीतर लबाडी. वृद्धाश्रमाच्या इतिहासात खरा प्रश्न एकच राहिलेला आहे. ज्याने आयुष्यभर राबून संपत्ती निर्माण केली, त्याचे हातपाय थकल्यावर त्याच्या अन्नाचा, औषधाचा आणि निगेचा खर्च कोणी सोसायचा? त्याच्या श्रमावर श्रीमंत झालेल्यांनी, की त्याच्याइतक्याच गरीब असलेल्या मुला-सुनांनी? या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली, हे सर्वांत स्वच्छ दिसते ते इंग्लंडात. कारण औद्योगिक भांडवलशाही प्रथम तेथे रुजली. आज आपल्या राज्यकर्त्यांना जो मार्ग नवा वाटतो आहे, तोही तेथे चालून झालेला आहे. म्हणून तो इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे.

शिक्षेचे घर

१८३४ साली ब्रिटिश पार्लमेंटने गरिबांविषयीच्या जुन्या कायद्यात आमूलाग्र बदल केला. नव्या कायद्यामागचे तत्त्व असे होते की, सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी मजुरी मिळवणाऱ्या मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. मदत हवी असेल तर वर्कहाउसच्या चार भिंतींच्या आत यावे, तेथील गणवेश घालावा, तेथील शिस्त पाळावी. हेतू उघड होता. वर्कहाउसची दहशत एवढी असावी की कारखान्यातील कितीही हलकी मजुरी कामगाराने मुकाट्याने पत्करावी. हा धाक धडधाकटांसाठी होता. पण त्या भिंतींच्या आत मोठ्या संख्येने जाऊन पडले ते म्हातारे, अपंग आणि अनाथ.

या घरात नवरा एका भागात आणि बायको दुसऱ्या भागात राहत असे. साठ वर्षांवरील जोडप्यांवर अशी ताटातूट लादू नये, एवढी सवलत मिळण्यास १८४७ साल उजाडावे लागले. १८४५ साली हॅम्पशायरमधील अँडोव्हर येथील वर्कहाउसची लक्तरे चव्हाट्यावर आली. तेथे लोकांना खतासाठी जनावरांची हाडे कुटण्याचे काम दिले जाई आणि पोटभर अन्न मिळत नसल्याने ते त्याच हाडांना चिकटलेले सडके मांस व आतला मगज ओरबाडून खात असत. पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील ग्रंथात एंगल्सने नोंदवले आहे की सामान्य लोक या घरांना बॅस्टिल म्हणत. बॅस्टिल म्हणजे फ्रेंच क्रांतीत पॅरिसच्या जनतेने फोडलेला तुरुंग.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील या इंग्लंडात चर्च होते, बायबल होते, कुटुंबाच्या पावित्र्यावरील प्रवचने होती. मुलांनी आई-बापांना पोसावे अशी कायद्याने सक्तीही होती. तरीसुद्धा आयुष्यभर राबलेला कामगार अखेरीस वर्कहाउसच्या दारात उभा राहत होता, कारण त्याच्या मुलाची मजुरी मुलाच्याच पोराबाळांना पुरत नव्हती. संस्कारांची तेथे उणीव नव्हती. उणीव पैशाची होती.

हक्काचे घर

या दहशतीला पहिला तडा प्रवचनांनी नव्हे, पेन्शनने दिला. जर्मनीत १८८९ साली बिस्मार्कने कामगारांसाठी वृद्धत्व व अपंगत्व विम्याचा कायदा केला. हा तोच बिस्मार्क, ज्याने १८७८ साली समाजवादी चळवळीवर बंदी घातली होती. दडपशाहीने चळवळ मरत नाही असे दिसल्यावर त्याने पेन्शनचा तुकडा पुढे केला. इंग्लंडात कामगार संघटनांच्या रेट्यामुळे १९०८ साली पेन्शनचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. रक्कम तुटपुंजी होती, अटी अपमानकारक होत्या. पण तिचे मोल मोठे होते. पाच शिलिंग घरात आणणारी आजी मुलाच्या घरात ओझे राहत नाही, हे लक्षावधी कुटुंबांनी अनुभवले. ज्यांना कुटुंब टिकवण्याची खरोखर तळमळ आहे, त्यांनी या अनुभवाचा विचार करावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर कामगारवर्गाची ताकद शिगेला पोचली तेव्हा वर्कहाउसचा कायदाच रद्द झाला. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने, ज्यांना वय किंवा दुर्बलता यांमुळे निगेची गरज आहे त्यांच्या निवासाची सोय करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधील खाणकामगाराचा मुलगा आणि स्वतः खाणीत राबलेला माणूस. मोठ्या बराकींऐवजी पंचवीस-तीस माणसांची लहान घरे असावीत आणि तेथील वृद्धाचे नाते आश्रिताचे नसून हॉटेलातील पाहुण्याचे असावे, अशी त्याची कल्पना होती. त्यामागे हिशेबही होता. आठवड्याचे पेन्शन २६ शिलिंग. त्यातील २१ शिलिंग वृद्धाने घराला द्यायचे आणि ५ शिलिंग स्वतःच्या हातखर्चाला ठेवायचे. ज्याच्या खिशात स्वतःचे पाच शिलिंग आहेत, त्याला कोणापुढे वाकण्याची गरज नाही.

ही कल्पना पुरी अमलात आली काय? नाही, आणि हे आपण लपवण्याचे कारण नाही. नव्या इमारतींसाठी पैसा मिळाला नाही. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड याने इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धगृहे स्वतः पाहून १९६२ साली ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ लिहिला. जुन्या वर्कहाउसच्या इमारती नुसता रंग देऊन वापरात होत्या. लांबलचक शयनगृहांत खाटेला खाट लागलेली होती. माणसाला स्वतःचे कपाटसुद्धा नव्हते. अशी घरे हळूहळू बंद करून वृद्धांना स्वतःच्या घरी सार्वजनिक सेवा पुरवावी, असा त्याचा निष्कर्ष होता. यातून आपण शिकायचे ते एवढेच की मालकी सार्वजनिक झाली म्हणजे काम संपत नाही. त्यासाठी पैसा लागतो आणि त्या घरात राहणाऱ्यांचा व राबणाऱ्यांचा कारभारावर ताबा लागतो. परंतु सत्ताधाऱ्यांनी या टीकेचा उपयोग भलत्याच दिशेने केला.

नफ्याचे घर

१९७९ साली मार्गारेट थॅचरचे सरकार सत्तेवर आले. नगरपालिकांच्या खर्चाला कात्री लावण्यात आली. मात्र खाजगी वृद्धगृहात जाणाऱ्या गरीब वृद्धाचे बिल सामाजिक सुरक्षेच्या खात्यातून भरण्याची वाट १९८० च्या नियमांनी मोकळी केली. परिणाम व्हायचा तोच झाला. १९७९ मध्ये या खाती सुमारे १ कोटी पौंड खर्च होत होता. दशक संपता संपता तो १०० कोटी पौंडांच्या पुढे गेला. सरकारी पैशावर खाजगी धंदा उभा राहिला आणि त्याला ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हे नाव मिळाले. पुढे हा खर्च आवरण्यासाठी सल्ला द्यायला नेमले कोणाला? सेन्सबरी या किराणा दुकानांच्या प्रचंड साखळीच्या संचालक मंडळावरील रॉय ग्रिफिथ्स यांना! त्यांच्या १९८८ च्या अहवालानंतर १९९० चा कायदा आला. १९९३ पासून नगरपालिकांकडे वर्ग झालेल्या निधीपैकी ८५ टक्के रक्कम त्यांनी स्वतःच्या सेवांवर खर्च न करता बाहेरच्या, म्हणजे मुख्यतः खाजगी, संस्थांवरच खर्च करावी अशी सक्ती होती. बाजार आपोआप उगवत नाही. तो कायद्याने लावला जातो.

या बाजाराचे फळ म्हणजे सदर्न क्रॉस. २००४ साली अमेरिकेच्या ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने ही वृद्धगृहांची साखळी सुमारे १६.२ कोटी पौंडांना घेतली. घरे चालवणारी कंपनी निराळी आणि घरांच्या जागेची मालकी निराळी, असा घाट होता. जागा विकायची आणि तीच भाड्याने परत घ्यायची, वर ते भाडे दरवर्षी वाढतच जाईल असा करार करायचा! २००६ साली कंपनीचे शेअर बाजारात आणले गेले आणि ब्लॅकस्टोन नफा घेऊन बाहेर पडली. मागे उरली ती भाड्याची धोंड. २०११ साली, सुमारे ३१,००० वृद्ध ज्यांच्या आसऱ्याला होते अशा साडेसातशेच्या आसपास घरांची ही साखळी कोसळली. ज्या म्हाताऱ्यांना खाटेवरून उठवत नव्हते, त्यांच्या खाटेखालच्या जमिनीचा सौदा शेअरदलालांनी परस्पर केला होता. यातून धडा घेतला गेला काय? २०१२ साली टेरा फर्मा या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीने फोर सीझन्स ही साखळी ८२.५ कोटी पौंडांना घेतली. २०१९ साली तीही दिवाळखोरीत निघाली.

कोविडच्या साथीत या व्यवस्थेचा खरा चेहरा दिसला. १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या काळात इंग्लंडातील रुग्णालये रिकामी करण्यासाठी सुमारे २५,००० रुग्ण वृद्धगृहांत धाडण्यात आले आणि त्यांतील सर्वांची तपासणी झाली नव्हती. रोग वृद्धगृहांत शिरला आणि हजारो वृद्ध दगावले. एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदा ठरवले. दरम्यान कमी पगारामुळे कोणी टिकेना, म्हणून भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे येथून निगा राखणारे कामगार २०२२ पासून मोठ्या संख्येने नेण्यात आले. मार्च २०२४ मध्ये त्यांना बायकामुले सोबत आणण्यास मनाई झाली आणि जुलै २०२५ मध्ये नव्या भरतीचे दारच बंद झाले. दुसऱ्याच्या आई-बापांची निगा राखण्यासाठी स्वतःच्या मुलांपासून तोडली जाणारी केरळची तरुणी हीही या वृद्धगृहाच्या इतिहासातील एक व्यक्ती आहे.

आपल्याकडे : दानाकडून थेट बाजाराकडे

आता भारताकडे वळू. वृद्धाश्रम ही कालपरवाची पाश्चात्त्य लागण आहे, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. डेव्हिड ससून यांच्या नावाचे पुण्यातील अनाथ पंगुगृह एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. कलकत्त्यात ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या जोगिणींनी १८८२ साली वृद्धांसाठी घर सुरू केले. एकत्र कुटुंबाचा सुवर्णकाळ म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, त्याच काळात निराधार म्हातारे या दारांशी येत होते. दान देणारे कोण होते? ससून घराण्याच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा वाटा होता, हे इतिहासाला ठाऊक आहे. संपत्ती एका हाताने ओढायची आणि तिचा चिमूटभर भाग दुसऱ्या हाताने दान करायचा, ही रीत तेव्हापासूनची.

एकत्र कुटुंब मोडले ते कोणी? कोकणातील माणूस मुंबईच्या गिरणीत आला तेव्हाच त्याचे कुटुंब दुभंगले. म्हातारे आई-बाप गावी, त्यांचा संसार मनीऑर्डरवर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशी ती मनीऑर्डरही थांबली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतो आणि चार-सहा महिने गावात उरतात ते म्हातारे व लहान पोरे. त्या मुलाने आई-बापांना टाकले, असे म्हणण्याचे धाडस कोणता कीर्तनकार करील? आणि जेथे कुटुंब एकत्र आहे तेथे म्हाताऱ्यांचे करते कोण? सून. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात किंवा दुसऱ्याच्या घरी राबून आलेली सून सासऱ्याचे अंथरूण बदलते. ‘संस्कार’ या शब्दाच्या आड तिचे बिनमोल श्रम लपलेले असतात.

या लेखकाचे काम भाषांतराचे आहे. परदेशी मजकूर मराठीत आणताना ‘वृद्धाश्रम’ या शब्दापाशी प्रत्येक वेळी लेखणी अडते. आश्रम म्हटले की वैराग्य आले, गुरू आला, दाता आला. निवृत्त यंत्रमाग कामगाराने कशाचा त्याग केलेला नसतो. त्याला त्याच्या कमाईचा उरलेला हिस्सा हवा असतो. त्यासाठी आपल्याला ‘वृद्धगृह’ म्हणावे लागेल, आणि त्यापुढे ‘हक्काचे’ असे विशेषण लावावे लागेल.

कायद्याच्या दोन भाषा

२००७ साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा केला. त्यातील दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम २४ सांगते की ज्याच्यावर ज्येष्ठाच्या सांभाळाची जबाबदारी आहे त्याने त्याला टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा. कलम १९ सांगते की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धगृह टप्प्याटप्प्याने स्थापन करू शकेल. मुलासाठी ‘केलेच पाहिजे, नाहीतर तुरुंग’. सरकारसाठी ‘करू शकेल’! सरकारने हे घर बांधले नाही, तर कोणत्याही मंत्र्याला एक रुपयाही दंड नाही. त्यामुळे कायद्यानंतर अकरा वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धगृहे आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा, असे सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला बजावावे लागले. घरे बांधणे दूर, मोजणीसुद्धा झालेली नव्हती.

पेन्शनची कहाणी याहून वेगळी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील माणसे १० कोटींच्या वर होती. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या पेन्शनसाठी केंद्र सरकार १९९५ साली दरमहा ७५ रुपये देत होते; ती रक्कम पुढे २०० रुपये झाली आणि २०२४ सालीही, साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी, २०० रुपयेच होती. कारखान्यांत आयुष्य झिजवलेल्यांच्या ईपीएस-९५ योजनेत किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरले आणि दहा वर्षांनंतरही ते तेवढेच होते; बुलढाण्यात या पेन्शनरांनी वर्षानुवर्षे धरणे धरले. महाराष्ट्र सरकारने तर आपल्या पेन्शन योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले आहे. आई-बापांची कावड खांद्यावर घेणाऱ्या या श्रावणबाळाने २०२३ साली महिना १,५०० रुपये देऊ केले, म्हणजे दिवसाला पन्नास. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यातील सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा त्यांना ऐकवण्यात आले की तिजोरीला हा भार झेपणार नाही.

मग झेपणारा मार्ग कोणता? फेब्रुवारी २०२४ मध्ये नीती आयोगाने ज्येष्ठांच्या निगेविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात बचतीची सक्ती, राहते घर बँकेकडे ठेवून त्यावर जगणे आणि खाजगी गुंतवणुकीला वाव अशा सूचना आहेत. ज्याच्या मजुरीत आजची भाजी बसत नाही त्याने सक्तीने बचत करावी. ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याने तो बँकेकडे ठेवावा! दुसरीकडे पुणे, बंगळूर, कोइम्बतूर येथे श्रीमंत वृद्धांसाठी लाखो रुपये घेऊन सदनिकांच्या वसाहती उभ्या राहत आहेत. सदर्न क्रॉसमधून नफा घेऊन बाहेर पडलेली तीच ब्लॅकस्टोन २०२३ साली हैदराबादच्या केअर हॉस्पिटल्समध्ये बहुसंख्य भागीदार झाली आहे. इंग्रज कामगाराने लढून निदान तीस वर्षे हक्काचे घर पाहिले. आपल्याला मात्र दानाच्या व्हरांड्यातून थेट शेअरबाजाराच्या दारात नेण्यात येत आहे. मधली पायरी गाळून.

आपले काम

येथे थोडे आत्मपरीक्षण आवश्यक आहे. कामगार संघटनांनी वेतन, बोनस, महागाई भत्ता यांसाठी कडवे लढे दिले. पण कामगार निवृत्त झाला की बहुधा त्याचे नाव सभासदांच्या यादीतून जाते आणि त्याच्याबरोबर त्याचा प्रश्नही. म्हातारपण आपण मठांना, रोटरी क्लबांना आणि नशिबाला सोडून दिले. तरीही मार्ग अनोळखी नाही. केरळमध्ये १९८० साली डाव्या आघाडीच्या सरकारने शेतमजुरांना पेन्शन सुरू केले. ज्याला कोणी कामगार म्हणूनसुद्धा मोजत नव्हते, त्याचे म्हातारपण ही सरकारची जबाबदारी ठरली. शेतमजुरांच्या दीर्घ संघटित लढ्याशिवाय ते घडले नसते.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या भागात पुढील मागण्या हाती घ्याव्यात. साठ वर्षांवरील प्रत्येक कष्टकऱ्याला जगण्यापुरते आणि महागाई निर्देशांकाशी जोडलेले पेन्शन मिळाले पाहिजे. कलम १९ मधील ‘करू शकेल’च्या जागी ‘केलेच पाहिजे’ हे शब्द आले पाहिजेत, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद झाली पाहिजे. जिल्ह्याचे वृद्धगृह गावाबाहेरच्या माळावर नव्हे, वस्तीत असावे. त्याच्या कारभारी समितीत तेथे राहणाऱ्यांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. ज्यांना घरीच राहायचे आहे त्यांच्यासाठी सार्वजनिक दवाखान्यांमार्फत घरपोच सेवा असावी, म्हणजे सुनेच्या पाठीवरचे ओझे उतरेल. आणि शहरांतून ‘ब्युरो’मार्फत बारा-बारा तास खाटेशेजारी बसणाऱ्या बायका, आया, वॉर्डबॉय यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन व साप्ताहिक सुट्टी मिळाली पाहिजे. म्हाताऱ्यांचा हक्क आणि त्यांची निगा राखणाऱ्यांचा हक्क यांत विरोध नाही. दोघांच्याही तोंडचा घास एकच नफा हिरावून घेतो.

आपल्या तालुक्यात, शहरात, जिल्ह्यात कलम १९ खालील वृद्धगृह आहे काय, येथून प्रारंभ करावा. नसेल, तर जिल्हाधिकारी कचेरीवर जाऊन लेखी उत्तर मागावे. असेल, तर तेथे जाऊन पाहावे. पाकिटे व छायाचित्रकार घेऊन नव्हे, तर वही घेऊन. किती खाटा आहेत, डॉक्टर किती दिवसांनी येतो, दुपारी ताटात काय पडते, राहणाऱ्यांचे म्हणणे कोण ऐकतो, हे टिपून घ्यावे. तेथे बसलेल्यांत एखादा जुना गिरणी कामगार भेटेल, एखादी मोर्चात आपल्याबरोबर चाललेली बाई भेटेल. त्यांना आपली कीव नको आहे. त्यांना आपली संघटना हवी आहे, आणि ती त्यांचीही आहे.